बांबू कशासारखा?

गेल्या दिवाळीत आबाजींनी मला विचारलं, "बाबू, तू तिकडं पुन्याले करते तरी काय नेमकं?"

हा प्रश्न दर दिवाळीला येतो. 'कॉम्प्युटरचं काम' एवढ्यावर मी दर वेळी सुटतो. या वेळी लाइट गेलेली होती, फोन सात टक्क्यांवर होता आणि पळायला जागा नव्हती. म्हटलं, नीट सांगून बघू. आबाजी म्हणजे माझे आजोबा. मूल तालुक्यात त्यांची धानाची शेती. शाळा चौथीपर्यंत, पण हिशेब तोंडी.

मी वहीच्या मागच्या पानावर एक गोल काढला. त्याच्या खाली दोन गोल, त्यांच्याखाली चार, सगळे रेघांनी जोडलेले. "आमची माहिती अशी झाडासारखी लावलेली असते. याला आम्ही ट्री म्हणतो. हे वरचं मूळ, या फांद्या, ही खालची पानं."

आबाजींनी वही हातात घेतली आणि शांतपणे उलटी केली.

"उलटं काढलं तू."

"नाही आबाजी, आमच्यात असंच काढतात."

"मुळं वर, पानं खाली. मंग झाड काऊन म्हनता?"

मी जरा विचार करून सांगितलं. यात एक फांदी फिरून दुसरीला मिळत नाही. कोणत्याही पानापासून मुळाकडे जायची वाट एकच. आणि मधली एक फांदी तोडली, तर तिच्या पुढचं सगळं तिच्यासोबत जातं. हे आबाजींना पटलं.

"म्हंजे दिसाले झाडासारखं नाही, पन वागाले झाडासारखं."

"बरोबर."

"मंग सरकारचं तुमच्याहून उलटं होतं. बांबूले झाड म्हनत. आता तो दिसाले झाडासारखा, पन वागाले?"

उत्तर त्यांनी दिलं नाही. अंधारात आंगणाच्या कडेच्या बेटाकडे बघत बसले. मला मात्र घरातली एक जुनी गोष्ट आठवली. नव्वदच्या दशकात कधीतरी आबाजी आपल्याच बांधावरचे बांबू बैलगाडीत घालून बहिणीच्या गावी, तिच्या गोठ्यासाठी नेत होते. वाटेत एका नाक्यावर गाडी अडवली. पास विचारला. पास नव्हता. बांबू उतरवून घेतले. ही गोष्ट घरात हसत सांगितली जाते, कारण त्यानंतर आबाजींनी रिकामी गाडी परत न आणता बहिणीकडे नेली आणि तिला म्हणाले, गोठा आणला, उतरवून घे. लहानपणी मीही हसायचो. पण स्वतःच्या शेतातल्या बांबूला पास का लागतो, हे कधी विचारलं नव्हतं.

लाइट आल्यावर त्या रात्री मी कायदा उघडला.

०००

भारतीय वन अधिनियम, १९२७. याचं दुसरं कलम व्याख्यांचं आहे. त्यात 'झाड' म्हणजे काय ते एका ओळीत सांगितलंय : झाड या शब्दात ताड-माडासारख्या झाडांचा, बांबूचा, बुंध्यांचा, झुडुपांचा आणि वेताचा समावेश होतो. बस. झाड म्हणजे मुळात काय, हे कुठेच सांगितलेलं नाही. ते सगळ्यांना माहीतच आहे असं धरलंय. फक्त आणखी काय काय झाडासारखं मानायचं, त्याची यादी दिलीय.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही ओळ लगेच ओळखीची वाटेल. आमच्याकडे 'इन्हेरिटन्स' नावाची सोय असते. 'गाडी' म्हणजे काय, तिला कोणते नियम लागतात, ते एकदा लिहून ठेवायचं. मग 'ट्रक ही गाडी आहे' एवढी एक ओळ लिहिली, की गाडीचे सगळे नियम ट्रकला आपोआप चिकटतात. फार सोयीचं असतं. आणि फार घातक. पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण शहामृगाचं : 'पक्षी उडतो' असं लिहून ठेवलं, 'शहामृग हा पक्षी आहे' असं सांगितलं, आणि प्रोग्रामने शहामृग कड्यावरून उडवला.

आता पुढची साखळी बघा. याच कलमात 'इमारती लाकूड' म्हणजे टिंबर याची व्याख्या आहे : पडलेलं किंवा तोडलेलं झाड हे टिंबर. बांबू झाड, म्हणून तोडलेला बांबू टिंबर. मग येते 'वनोपजा'ची व्याख्या. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागातल्या वस्तू जंगलातून आणलेल्या असोत वा नसोत, वनोपजच. दुसऱ्या भागातल्या वस्तू जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या तरच वनोपज. टिंबर पहिल्या भागात आहे. गवत दुसऱ्या भागात.

म्हणजे आबाजींच्या बांधावरचा बांबू जर कायद्याच्या लेखी गवत असता, तर तो जंगलातून आलेला नसल्यामुळे वनोपज ठरलाच नसता. पण तो झाड होता, म्हणून टिंबर होता, म्हणून कुठेही उगवला तरी वनोपज होता, आणि वनोपजाच्या वाहतुकीवर नियम करायचा अधिकार सरकारला. तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर एक उपमा, आणि तिसऱ्या पायरीवर रिकामी बैलगाडी. (पहिल्या भागाच्या यादीत मोहफुलंही आहेत. हे आबाजींना सांगायची माझी हिंमत झाली नाही.)

कायदा करणारे अडाणी होते का? मुळीच नाही. भारताच्या वनखात्याचा पाया घालणारा डिट्रिच ब्रँडिस हा जर्मनीतल्या बॉनचा वनस्पतीशास्त्रज्ञ. १८६४ मध्ये तो इथला पहिला वन महानिरीक्षक झाला. १९०६ साली आलेल्या त्याच्या जाडजूड ग्रंथाचं नाव 'इंडियन ट्रीज', पण उपशीर्षकात झाडं, झुडुपं, वेली, बांबू आणि ताडवर्ग असे वेगवेगळे मोजलेत. बांबू हा गवताच्या कुळातला, हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं. कायद्याला मात्र वनस्पतीशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. जंगलात जे उभं आहे आणि ज्याला बाजारात भाव आहे, ते एका कुलपाखाली आणायचं होतं. मला वाटतं, व्याख्या लिहिताना डोळ्यांसमोर सागवान असणार. आलापल्लीचं जंगल ज्यांनी बघितलंय त्यांना हे समजेल. सागवानाचं खोड वर्षाला थोडं थोडं जाड होतं. एक झाड चोरीला गेलं तर दोन पिढ्यांची वाढ गेली. अशा झाडावर हातोड्याची खूण करणं, वाहतुकीला पास लावणं, नाके बसवणं, सगळं समजण्यासारखं आहे.

बांबूचं तसं काहीच नसतं. जमिनीतून कोंब वर येतो तो येतानाच आपली पूर्ण जाडी घेऊन येतो. नंतर तो जाड होत नाही, फक्त लांब होतो, दुर्बिणीची नळी ओढावी तसा. एका पावसाळ्यात पूर्ण उंची, मग दोन-तीन वर्षं नुसतं टणक होणं. आत वर्षांची वलयं नाहीत. खरा जीव जमिनीखालच्या गाठाळ कंदात. वरच्या काठ्या काढल्या तरी पुढच्या पावसात तो नवे कोंब देतो. कोवळ्या कोंबांना आपल्याकडे वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी होते. सागवानाची कोणी भाजी करत नाही. आणि फुलोरा! अनेक दशकांतून एकदा बांबू फुलतो, त्याला तांदळासारखे दाणे धरतात आणि मग अख्खं बेट वाळून मरतं. धान जसं लोंबी देऊन वाळतं तसं. हे शेवटचं वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. ते आबाजींचं आहे, आणि बांबू गवत कसा हे मला त्या एका वाक्याने जेवढं कळलं तेवढं कशानेच कळलं नव्हतं.

०००

इथे थोडं थांबून एका जुन्या पुस्तकाबद्दल सांगतो, कारण मला गोंधळातून त्यानेच बाहेर काढलं.

तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथातल्या केसोबासांनी चक्रधरस्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत एकत्र केले. ग्रंथाचं नाव 'दृष्टांतपाठ'. मराठी गद्याच्या सुरुवातीच्या काळातला हा ग्रंथ. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपल्याला माहीत असते, तीही यात आहे. मला भावली ती त्याची मांडणी. प्रत्येक प्रकरणाला तीन भाग. आधी सूत्र, म्हणजे सांगायचा मुद्दा. मग दृष्टांत, म्हणजे रोजच्या जगण्यातली गोष्ट. आणि मग दार्ष्टान्तिक. या तिसऱ्या भागात गोष्टीतलं काय मुद्द्यातल्या कशाला लागू करायचं, ते उलगडून सांगायचं.

हा तिसरा भाग आपण आजकाल गाळतो. 'ॲटम म्हणजे छोटी सूर्यमाला' असं शाळेत सांगतात आणि तास संपतो. त्यात घ्यायचं काय? सूर्य पिवळा आणि तापलेला आहे हे घ्यायचं, की मधलं जड आणि भोवती फिरणारं हलकं हे नातं घ्यायचं? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर यांनी १९८३ मध्ये हेच मांडलं. चांगल्या उपमेत वस्तूंचे गुण उचलायचे नसतात, वस्तूंमधली नाती उचलायची असतात. दिसणं सोडायचं, वागणं घ्यायचं. आबाजींनी वही उलटी करून तेच विचारलं होतं.

दार्ष्टान्तिक गाळण्याची किंमत मी स्वतः एकदा मोजलीय. नोकरीत एका नव्या मुलाला मी 'मेसेज क्यू' समजावत होतो. म्हटलं, बँकेतली रांग समज. जो आधी येईल त्याचं काम आधी. त्याला लगेच कळलं, मी खूश. पण बँकेच्या रांगेतला माणूस काम झाल्यावर घरी जातो. आमच्या रांगेतला मेसेज काम झाल्याची पोच वेळेत पोचली नाही तर पुन्हा रांगेत येऊन उभा राहतो. हे मी सांगितलं नाही आणि त्याने ते गृहीत धरलं नाही. एका शुक्रवारी संध्याकाळी काही हजार लोकांना एकच एसएमएस तीन-तीनदा गेला. चूक त्याच्या नावावर लागली. उपमा माझी होती. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

१९२७ च्या कायद्याकडे आता या नजरेने बघितलं तर त्यात सूत्र आहे (जंगलावर ताबा), दृष्टांत आहे (बांबू झाडासारखा), पण झाडाचं काय काय बांबूला लावायचं आणि काय नाही, हा भाग कोरा आहे. कोरा भाग नाक्यावरच्या माणसाने भरायचा.

०००

कागद कारखान्याने तो भाग वेगळ्याच तऱ्हेने भरलेला दिसतो. बल्लारपूरचा कारखाना १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा. तिच्या मूळ नावात 'स्ट्रॉ बोर्ड' हे शब्द होते. स्ट्रॉ म्हणजे आपल्याकडचं तणस. पुढे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू दशकानुदशकं त्या लगद्यात गेला. (१९८२ पर्यंत हा सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता.) कारखान्याला बांबूतोडीचे करार मिळत. तोडायचा, कुटायचा, शिजवायचा, तणसासारखाच. आणि ज्या बुरड कुटुंबांचं पोट सूप-टोपल्यांवर होतं, ज्या गोंड गावांची कुंपणं, छतं, कणग्या बांबूच्या होत्या, त्यांच्यासाठी मात्र तो झाड. एकाच बेटातली एक काठी कोणाकडे चाललीय त्यावर ती गवत की झाड ते ठरत होतं. मी लहानपणी आगगाडीने बल्लारशाहला उतरलो की नाकाला रुमाल लावायचो. त्या वासात बांबू आहे हे मला कळायला वयाची पंचविशी उलटावी लागली.

ही उपमा उलटवण्याचं काम एका लहान गावाने केलं. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की धानोरा यायच्या थोडं आधी मेंढा लागतं, लेखा गावाशेजारचं, म्हणून मेंढा-लेखा. साधारण पाचशे वस्तीचं गोंड गाव. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांविरुद्ध जे आंदोलन झालं त्यात हे गाव होतं. त्यानंतर गावाने स्वतःचा कारभार स्वतः बघायचा ठरवला. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे. आणि निर्णयाआधी विषय समजून घ्यायला अभ्यास गट. गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल ही या कामातली दोन नावं पुष्कळांना माहीत असतील. (बांबूला झाडांच्या यादीतून सोडवायच्या कामात 'वृक्षमित्र' नावाची संस्था असावी, याची मला मजा वाटते.)

मेंढ्याची घोषणा प्रसिद्ध आहे : दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.

मी ती कॉलेजात टी-शर्टवर वाचली होती आणि बंडखोर काहीतरी म्हणून सोडून दिली होती. आता नीट वाचली तर तीही उपमाच आहे. गाव म्हणजे जणू सरकार. फरक एवढाच, की मेंढ्याच्या लोकांनी ती घोषणा देऊन थांबले नाहीत, तिचं दार्ष्टान्तिक वर्षानुवर्षं लिहीत बसले. सरकार म्हणजे काय? सरकार बैठक घेतं, तर ग्रामसभा भरवायची. सरकार नोंदी ठेवतं, तर वह्या ठेवायच्या. सरकार नियम करतं, तर जंगलात कोणी काय न्यायचं याचे नियम करायचे आणि मोडणाऱ्याला जाब विचारायचा. आणि सरकार पास देतं.

हा पास कळीचा होता. २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला, ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. त्यात 'गौण वनोपजा'ची व्याख्या आहे : वनस्पतींपासून मिळणारं, इमारती लाकूड सोडून सगळं. आणि पुढे उदाहरणं दिलीत. पहिली चार आहेत बांबू, झुडुपं, बुंधे आणि वेत. आता वर जाऊन १९२७ ची यादी परत बघा. ताड-माड सोडले तर हीच चार नावं. त्या यादीने ज्यांना झाडात ओढलं होतं, नेमक्या त्याच चौघांना या यादीने बाहेर काढलं. हा योगायोग असेल यावर माझा विश्वास नाही. कोणीतरी जुना कायदा शेजारी उघडून ठेवून, बोट ठेवून ठेवून हे लिहिलेलं आहे.

पण जुनी ओळ खोडली नव्हती. दोन्ही कायदे एकाच वेळी चालू. आमच्या भाषेत, एकाच प्रोग्रामच्या दोन फाइलींत एकाच नावाच्या दोन व्याख्या, आणि कोणती चालणार ते कोणती फाइल आधी वाचली यावर. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूही त्यात आला. गाव बांबू विकू शकतं, असं कागद सांगत होता. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक पास हवा, आणि पास देणारं खातं बांबूला झाड समजणारं. शहामृग हा पक्षी आहे हे मान्य, उडायची परवानगीही मान्य, पण पंख आम्ही देऊ तेव्हाच.

मार्च २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहून कळवलं की बांबू गौण वनोपज आहे. २७ एप्रिल २०११ ला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्या दिवसापासून मेंढ्याच्या बांबूचा पास मेंढा देणार. घोषणेतलं 'आम्हीच सरकार' त्या पुस्तकाच्या कोऱ्या पानांवर सही करण्याइतकं खरं झालं. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, वनहक्क कायद्याचे नियम बदलून ही सोय इतर गावांसाठीही आली.

०००

इथपर्यंत वाचून वाटेल, की झाड ही चुकीची उपमा आणि गवत ही बरोबर. मलाही तसंच वाटत होतं. मी आबाजींना उत्साहाने म्हटलं, "म्हणजे बांबू गवतच. कापा, परत येईल."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी धानात बैल सोडलेत.

गवत मुळाशी सपाट कापतात. बांबूचं बेट तसं सपाट कापलं आणि असं दोन-तीनदा केलं तर खालचा कंद उपाशी मरतो. यंदाचा कोंब तोडायचा नाही, गेल्या वर्षीचा तोडायचा नाही, कारण नव्या कोंबांना आधार आणि अन्न त्यांच्याकडून. जुनी काठी काढायची, तीही जमिनीपासून थोडं वर, पेऱ्याच्या लगेच वर. आणि अजिबात काढली नाही, तर जुन्या काठ्यांची गर्दी होऊन बेट आतून गुदमरतं. म्हणजे झाडासारखं 'हात लावू नका' म्हणून चालत नाही आणि गवतासारखं 'कापून टाका' म्हणूनही नाही. मेंढ्यासारख्या गावांना कागदासाठीच्या तोडीचा राग होता तो इथेच. रोजंदारीचा मजूर मोळीवर पैसे मिळवतो, त्याला कोवळी-जुनी काठी निवडायला वेळ नसतो.

२०१७ च्या नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला, मग संसदेने दुरुस्ती केली, आणि नव्वद वर्षांनी १९२७ च्या त्या ओळीतून 'बांबू' हा शब्द गेला. बातम्यांचे मथळे होते की बांबू आता गवत. खरं तर कायद्याने तसं कुठेच म्हटलेलं नाही. त्याने फक्त एक शब्द वगळला. जंगलातला बांबू अजूनही वनोपजच आहे. बांधावरचा बांबू तेवढा सुटला. नवी उपमा न देता जुनी मागे घेतली, हे मला त्या दुरुस्तीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

०००

धानोऱ्याच्या त्याच रस्त्यावर, मेंढ्याच्या बरंच आधी, चातगावजवळ शोधग्राम लागतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या 'सर्च' संस्थेचं ठिकाण. बांबूच्या गोष्टीशी त्याचा थेट संबंध नाही. पण उपमा नीट बांधली तर काय होतं ते मला तिथल्या दोन गोष्टींत दिसतं, म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट मण्यांची. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे त्याचे मिनिटाचे श्वास मोजून ओळखता येतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ, त्याहून मोठं असेल तर पन्नास ही धोक्याची रेघ. पण गावातल्या ज्या सुईणींना हे शिकवायचं होतं, त्यांच्यापैकी अनेकींना एवढी मोजदाद जमत नव्हती. तेव्हा एक साधन बनवलं : एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, दोन वयांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. साठ हा आकडा कोणाला शिकवावा लागला नाही. इथे दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक एकाच लाकडी पट्टीवर बसवलेत. चुकीचा अर्थ काढायला जागाच ठेवलेली नाही. गडचिरोलीतल्या त्या न्यूमोनियाच्या कामाचा अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

दुसरी गोष्ट एका नावाची. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर एक अहवाल आला. सरकारी नोंदीत न दिसणारे मृत्यू किती, याचा. असल्या अहवालांची नावं कशी असतात ते आपल्याला माहीत आहे. याचं नाव होतं 'कोवळी पानगळ'. त्यावर राज्यभर चर्चा झाली.

पानगळ म्हटलं की आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चचं सागाचं जंगल आठवतं. पायाखाली करकर वाजणारी मोठाली पानं. त्यात दुःख नसतं. पानं जुनी होतात, पडतात, पुन्हा येतात. बालमृत्यूला नुसतं 'पानगळ' म्हटलं असतं तर घात झाला असता. चालायचंच, निसर्ग आहे, असा अर्थ निघाला असता. शेकडो वर्षं गावोगाव लोक तेच तर म्हणत आले, देवाने दिलं, देवाने नेलं. पण आधी 'कोवळी' शब्द आला. कोवळी पानं गळत नाहीत. गळायला लागली तर झाडाला काहीतरी झालंय, आणि कोणीतरी ते बघायला हवं. उपमा जिथे लागू होत नाही ती जागा त्या नावातच बोट ठेवून दाखवलीय. १९२७ च्या व्याख्येत 'बांबू'च्या आधी असा एखादा शब्द असता तर, असं मला वाटून गेलं. पण तो लिहायला त्या मसुद्याच्या टेबलावर बांबू तोडलेला कोणी बसलेला नव्हता.

०००

भाऊबीजेला सकाळी आबाजींसोबत बांधावर गेलो. वाडीचं कुंपण दुरुस्त करायचं होतं. त्यांनी बेटाभोवती एक फेरी मारली, दोन काठ्यांवर कोयत्याचा दांडा वाजवून बघितला, तिसरी निवडली. माझ्या कानाला तिन्ही सारख्याच वाजल्या. पेऱ्याच्या वर तीन घाव. काठी वरच्या काट्याकुट्यांत अडकली, ती मी ओढून काढली आणि हात खरचटून घेतले.

खाली बसलो तेव्हा त्यांनी खिशातून वहीचं ते पान काढलं. घडी घालून ठेवलं होतं.

"तुहं ते झाड. त्यात एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता येते का, मुळाकडं न जाता?"

"नाही. तशी वाट असेल तर त्याला आम्ही ट्री म्हणत नाही. ग्राफ म्हणतो."

"ते कसं दिसते?"

मी पानाच्या मागच्या बाजूला काही गोल काढले आणि आडव्या-तिरप्या रेघांनी एकमेकांना जोडले. मग सुचलं म्हणून त्यांतल्या प्रत्येक गोलातून वर एकेक उभी रेघ ओढली.

आबाजींनी ते बराच वेळ बघितलं. वही उलटी केली, परत सुलटी केली.

"हां. आता मुळं खाली आली," ते म्हणाले, आणि काठीचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं. "धर. खांद्यावर घे, डाव्या."